मोहल्ल्याचे बूट

सरांनी माझा चेहरा नीट पाहिला तो बहुतेक दुसऱ्या वर्षी. त्याआधी वर्षभर ते मला चपलेवरून ओळखत होते.

प्रवेश घ्यायला आरमोरीला गेले त्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून मी आईची चप्पल घालून गेले होते. प्राणिशास्त्राच्या टेबलामागे बसलेल्या सरांनी माझे कागद हातात घेतले, ते न बघता टेबलाखाली वाकून माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही चप्पल तुई नाई."

मला वाटलं, प्रवेश गेला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. तिथं काय चालतं आणि काय चालत नाही, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. चप्पल स्वतःचीच लागत असेल, असं त्या क्षणी मला खरंच वाटलं. मी हळूच म्हणाले, आईची आहे. सर म्हणाले, तेच म्हणतो, टाच बाहेरून झिजलेली आहे, ही बाई डोक्यावर वजन घेऊन चालत असणार. आई मासळीचं टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात जाते. मी काही बोलायच्या आत सरांनी सही केली आणि पुढच्या मुलाच्या पायांकडे पाहिलं.

सर प्राणिशास्त्र शिकवत आणि विभागाचं संग्रहालय सांभाळत. संग्रहालय म्हणजे एक लांब खोली. डाव्या भिंतीला कोणत्याही कॉलेजात असतात तशा बरण्या, त्यांत साप, बेडूक, विंचू. उजवीकडच्या काचेच्या कपाटांत मात्र जुन्या चपला, वहाणा, बूट, खडावा. सांगाडे टांगायच्या लोखंडी स्टँडवर जुनी लुगडी, बंड्या, कोट, एका शाळकरी मुलाची बसायच्या जागी ठिगळ लावलेली चड्डी. प्राचार्य पाहुण्यांना खोली दाखवताना म्हणत, इकडे मेलेले प्राणी आणि तिकडे मेलेल्या माणसांच्या चपला. सर लगेच दुरुस्त करत, की त्यातले अर्धे मालक जिवंत आहेत आणि बाजारात भेटतात.

कपाटातली सगळी पायताणं उलटी ठेवलेली असत, सोल वर करून. कपडेही उलटे टांगलेले, शिवणी बाहेर. मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या एका गावातून आलेली पांढरी साडी होती, तिचं रफू केलेलं टोक पुढे घेतलेलं. शाळांच्या सहली येत तेव्हा एखाद्या बाई सरांना बाजूला घेऊन सांगत, सर, तुमच्या शिपायानं सगळं उलटं लावून ठेवलंय. सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "वरचं कंपनी बनवते, खालचं माणूस. कंपनीचं पाहाचं असन तं दुकानात जा."

माझं अक्षर बरं आहे म्हणून सरांनी मला चिठ्ठ्या लिहायचं काम दिलं. ते सांगत आणि मी लिहीत असे. बेडकाची माहिती सांगावी तसंच ते चपलेची सांगत. 'प्रौढ नर. अधिवास: धानाची बांधी.' 'प्रौढ मादी. अधिवास: तेंदूपत्त्याचं जंगल. काट्यांच्या खुणा अकरा.' एका टायरच्या वहाणेवर मी लिहिलं होतं, 'उजवी फार झिजलेली. सायकलीला ब्रेक नसावा.' मी हसले तर सर म्हणाले, हसण्यासारखं काय आहे, नव्हताच. मी विचारलं आहे त्याला.

लोक खोलीच्या दारातच चपला काढत. काचेची कपाटं आणि फरशी पाहिली की आमच्याकडच्या माणसाचा पाय आपोआप चपलेतून बाहेर येतो. सर आतून ओरडत, घालून या, घालून या. कोणी ऐकत नसे. मग लोक आत उलट्या चपला पाहत आणि सर बाहेर उकिडवे बसून लोकांच्या चपला उलट्या करून पाहत. चिमूरकडचे एक म्हातारे बाहेर आले आणि सरांच्या हातात आपली वहाण बघून म्हणाले, "काऊन मास्तर, हेही ठेवून घेता का? मी घरी काय डोक्यावर जाऊ?"

ती भीती खोटी नव्हती. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या सहलीत जंगलाच्या नाक्यावर एक वनरक्षक भेटले होते. त्यांच्या बुटाचा पुढचा भाग गेलेला होता आणि तिथं त्यांनी पत्र्याचा तुकडा वाकवून खिळ्यांनी ठोकला होता. सर त्यांच्याशी पाच मिनिटं वाघांबद्दल बोलले, पण बघत बुटांकडेच होते. मग त्यांनी आपल्या पायातल्या नव्या सँडल काढून त्यांच्यासमोर ठेवल्या. वनरक्षकांना आधी समजेना. समजलं तेव्हा ते लाजले, मग खूश झाले. सर परतीच्या गाडीत अनवाणी बसले होते आणि मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट. त्या पत्र्याचं माप घेऊन होईपर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत.

सरांचा एकच नियम कडक होता. इथं आलेल्या वस्तूला धुवायचं नाही, शिवायचं नाही, पॉलिश करायचं नाही आणि ती खोलीच्या बाहेर न्यायची नाही. एकदा तपासणीचे पाहुणे येणार म्हणून शिपाईकाकांनी आपल्या मनानं चार जोड चकाचक करून ठेवले. सर त्या दिवशी डबा न उघडता घरी गेले. काका मला म्हणाले, "माणूस मेला तं त्याले आंघोळ घालतेत. सरच्या चपलेच्या नशिबात तेही नाई." पण त्यानंतर त्यांनीही कशाला फडकं लावलं नाही.

त्या खोलीत आमच्या मोहल्ल्याचे बूट होते. ते माझ्यामुळेच तिथं आले होते.

आम्ही ढिवर. वैनगंगेत आणि गावच्या तलावात मासे धरणं हे काम. मोहल्ल्यात कोणे एके काळी बल्लारपूरला कामाला असलेल्या एका माणसानं आपल्या लग्नासाठी नाडीचे काळे बूट घेतले. त्यानंतर मोहल्ल्यातला प्रत्येक नवरदेव तेच बूट घालून लग्नाला गेला. पाय लहान असला तर पुढे चिंधी कोंबायची. पाय मोठा असला तर त्याला इलाज नव्हता. आमच्या मोहल्ल्यातले कितीतरी नवरदेव मांडवात लंगडतच शिरले. पलीकडच्या गावचे लोक विचारत, "सगळ्याइले एकच बिमारी हाय का?" बूट परत करताना मात्र एक रीत पाळावी लागे. ज्याचं लग्न झालं त्यानं बुटाची एक तरी दुरुस्ती करून मगच ते पुढच्या घरी द्यायचे. कोणी टाच ठोकली, कोणी जीभ बदलली, एकानं आत छत्रीचं कापड लावलं. मूळचं त्यात किती उरलं होतं, सांगता येणार नाही.

पुढे लोक शेरवानी आणि मोजडी भाड्यानं आणू लागले आणि बूट एका काकांच्या घरी आड्याला टांगलेले राहिले. मी वर्गात ही गोष्ट सांगितली तर सर त्याच रविवारी आमच्या गावात हजर. लोकांनी हसत बूट देऊन टाकले. सरांनी बुजुर्गांना बसवून कोणती दुरुस्ती कोणाची ते विचारलं. खूप वाद झाले, पण सगळ्यांचा हिशेब लागला. एका शिवणीचा मात्र लागला नाही. डाव्या बुटाची बाजू फाटलेली होती आणि ती जाळं विणायच्या दोऱ्यानं शिवलेली होती. प्रत्येक टाक्याला जाळ्याची गाठ. असेल कोणाची, म्हणून लोकांनी विषय सोडला. मी चिठ्ठीत लिहिलं, 'शिवणारा माहीत नाही.' आई त्या दिवशी बाजारात होती. तिला कोणी विचारलंच नाही.

तिसऱ्या वर्षी माझ्या थोरल्या भाऊचं लग्न ठरलं. मुलगी नदीपलीकडची, ब्रह्मपुरीकडच्या गावातली. भाऊला पांढरे स्पोर्ट बूट हवे होते, फोनमध्ये त्यानं ते काढूनही ठेवले होते. एका संध्याकाळी आई मासे साफ करता करता मला म्हणाली, "तुया सरले सांग, बूट पायजेत."

मी म्हणाले, तिथून काही बाहेर देत नाहीत. आई थोडा वेळ विळ्यावर हात चालवत राहिली. मग तिनं सांगितलं. तिच्या लग्नात बाबा तेच बूट घालून आले होते. लग्नाच्या रात्री बूट आमच्या दारात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला होते. सकाळी ती उठून अंगणात आली तर बाबा बूट मांडीवर घेऊन जाळ्याच्या दोऱ्यानं शिवत बसले होते. मोच्याला द्यायला पैसे नव्हते. या घरात तिनं नवऱ्याला पहिल्यांदा काही करताना पाहिलं ते हेच. मी तीन वर्षांची होते तेव्हा बाबा गेले. त्यांचा लग्नातला फोटो नाही. जाळी कधीच सडून गेली.

"त्याच्या हातचं तेवढंच राह्यलं," आई म्हणाली. "एक रात घरी राहू दे. आमच्या पोराचं लगन होय ते."

मला सरांना विचारायला आठवडा लागला. रोज ठरवायचं आणि रोज चिठ्ठ्या लिहून परत यायचं. शेवटी एका दुपारी मी पाठ केल्यासारखं सगळं एका दमात बोलले. सर म्हणाले, वस्तू बाहेर जात नाही, हे तुला माहीत आहे. मी हो म्हणाले. मग माझ्या तोंडून निघालं, "सर, ती शिवण बाबांची आहे."

सर उठले. कपाट उघडून त्यांनी डावा बूट काढला, भिंग लावलं आणि खिडकीजवळ बराच वेळ उभे राहिले. मला वाटत होतं, ते आता मला ती चिठ्ठी दुरुस्त करायला सांगतील. ते म्हणाले, "तुई आई बाजाराच्या दिवशी कुठी बसते?"

बाजारात सर आईसमोर जाऊन उभे राहिले तेव्हा आधी त्यांनी तिच्या पायांकडेच पाहिलं. आईनं त्यांना मासळीचा भाव सांगितला. मी ओळख करून दिली. मग दोघांचं बोलणं झालं, ते भाव करण्यासारखंच होतं. सर म्हणाले, मी स्वतः बूट घेऊन येतो. नवरदेवानं गावच्या मारुतीपासून मांडवापर्यंत घालावे. लग्न लागलं की घरी येऊन आईनं पाहावे आणि संध्याकाळच्या शेवटच्या एसटीनं ते माझ्यासोबत परत. आणि दुरुस्ती काही करायची नाही.

आई म्हणाली, "दुरुस्ती नाई केली तं मोहल्ला काय म्हणन? माया पोरगा फुकटात लगन करून आला म्हणन. अन् बूट तं रातभर घरीच राह्यते, सर. सगळ्याइच्या घरी राह्यले."

"रात नाई, बाई. दिवसभर घ्या."

आईनं मासळीवर पाणी शिंपडलं. "मंग दिवसभर तं दिवसभर," ती म्हणाली. आणि सर नको म्हणत असताना तिनं दोन मासे त्यांच्या पिशवीत टाकून दिले. घरी येताना ती माझ्या थोडी पुढे चालली. भांडण हरली की ती अशीच चालते.

लग्नाच्या दिवशी सर पहिल्या गाडीनं आले. कापडी पिशवीत बूट, दुसऱ्या पिशवीत त्यांची विच्छेदनाची पेटी. ती पेटी ते कुठेही नेत, सोलमधली माती कोरून काढायला. भाऊनं तोंड वाकडं करून बूट घातले. आई वरातीत आली नाही. घरी कामं आहेत म्हणाली. विधवा बाई अशा वेळी मागेच राहते आणि त्याबद्दल आमच्याकडे कोणी काही बोलत नाही, ती स्वतःही नाही. तिनं फक्त खाली वाकून डाव्या बुटावर बोट ठेवलं आणि भाऊला म्हणाली, "सांभाळून चालजो."

मुलीच्या गावात मारुतीपासून वरात निघाली. बँड पुढे, मग नाचणारी पोरं, मग नवरदेव, आणि नवरदेवाच्या अगदी मागे मान खाली घातलेले सर. मुलीकडच्या बायका विचारत होत्या, या माणसाचं काही पडलं का. भाऊ चांगला चालत होता. पण मित्रांनी त्याला नाचायला ओढलं. मे महिन्याचं डांबर मऊ झालेलं. दोन-तीन उड्यांत उजव्या बुटाचं सोल टाचेपासून सुटलं आणि पुढच्या पावलाला अख्खं रस्त्यावर पडलं.

बँड थांबला. भाऊ एका पायावर उभा राहून म्हणाला, "मी म्हणतच होतो, पांढरे घेऊ." मामानं आपला दुपट्टा रस्त्यावर अंथरला म्हणजे नवरदेवाचा पाय भाजायला नको. सरांनी सोल उचललं. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. त्या सोलवर मोहल्ल्यातल्या सगळ्या लग्नांची झीज होती आणि सर त्या झिजेवर लेख लिहीत होते. आता ते बूट पिशवीत घालतील, असं मला वाटलं. घातले असते तर कोणी काही म्हणू शकलं नसतं. मी घरी जाऊन आईला काय सांगायचं, तेवढाच विचार करत होते.

सर रस्त्यातल्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसले. पेटी उघडून त्यांनी वाकडी सुई काढली आणि मामाकडे हात केला. "दोरा हाय का?"

ढिवराच्या खिशात जाळ्याचा दोरा असतोच. सर शिवू लागले. सोल जाड होतं, सुई शिरत नव्हती. त्यांनी पेटीतल्या टोच्यानं आधी भोकं पाडली. घाम नाकावरून बुटावर पडत होता. बँडवाले बिड्या ओढत सभोवती उभे. मुलीकडून दोनदा माणूस येऊन गेला की मुहूर्त टळतो आहे. मामा वाकून बघत होते. "मास्तर, हे तं बेडकाले शिवल्यावानी शिवून राह्यले तुम्ही."

"तेवढंच येते मले," सर म्हणाले.

शिवून झालं तेव्हा एक म्हातारे काका म्हणाले, "आता मोहल्ल्याची रीत हाय. ज्यानं बूट दुरुस्त केला त्याचं लगन झालं समजाचं. मास्तर, तुमचं लगन झालं हाय का?" सरांचं झालेलं नव्हतं. सगळे हसले, बँड वाजायला लागला. मामा ओरडून सांगत होते, मांडवात एखादी पोरगी शिल्लक हाय का पाहा, दुसरा नवरदेव हाय आमच्याकडे. सर पुन्हा भाऊच्या मागे चालू लागले. पण आता त्यांची मान पूर्वीइतकी खाली नव्हती.

आम्ही वहिनीला घेऊन घरी पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ओवाळणं झालं. भाऊनं दारात बूट काढले आणि आईनं ते उचलून उंबऱ्याच्या आतल्या बाजूला सरळ मांडून ठेवले. मी तिला उजव्या बुटाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, बाहेर जाऊन सरांसाठी पाट मांडला आणि स्वतः वाढायला बसली. भात, आलूवांग्याची भाजी, बुंदी. सर जेवले. बुंदी दुसऱ्यांदा घेतली.

शेवटची एसटी गावाच्या फाट्यावर येते. तिचा आवाज आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. सर हात धुऊन उठले, कापडी पिशवी झटकली आणि दारापाशी गेले. आई पदर सावरून बाजूला झाली. बाजारात एकदा बोलून झालं होतं, आणि बोललेलं ती फिरवत नाही.

सर वाकले. त्यांनी डावा बूट उचलून शिवणीवरून अंगठा फिरवला, मग उजवा उचलून आपले टाके पाहिले. दोन्ही बूट होते तिथेच, होते तसे ठेवले.

"बाई, उंदरापासून सांभाळा."

आईला आधी समजलं नसावं. मग ती म्हणाली, "सर, आमची दुरुस्ती राह्यली हाय. ते तुमची झाली."

"मंग करा. पोराच्या हातानं करा." सरांनी रिकामी पिशवी घडी करून काखेत घेतली. "अन् झाली की पाठवा. घाई नाई."

मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला निघाले तर मोहल्ल्याच्या टोकाशीच ते नको म्हणाले. गाडी लागलेली दिसत होती. सर वाटेत कोणाच्याही पायांकडे न बघता भरभर चालत गेले. मी परत आले तेव्हा आई दारात बसून भाऊला जाळ्याच्या दोऱ्याची गाठ कशी मारतात ते दाखवत होती, आणि भाऊ म्हणत होता, उद्या सकाळी करू ना, माय, आजच्या आज काऊन.